चोवीस पिशव्यांचा समुद्र

दादाचा फोन आला तेव्हा बाईंच्या एका पायात चप्पल होती आणि दुसरी कपाटाखाली सरकली होती. दर गुरुवारी सकाळी आठ वाजता तो फोन करायचा. खाणीच्या भोंग्यावर जन्म काढलेल्या माणसाचे आठ म्हणजे आठ. "आज तुझ्या त्या पोरीची परीक्षा ना, छोटे?" त्यानं विचारलं. बाईंना अठ्ठावन्न पुरी झाली होती, भूशास्त्राच्या संस्थेतले लोक त्यांच्या खोलीत शिरताना आवाज खाली आणायचे. पण दादाला त्याचं काय! "हो, अकरा वाजता," बाई कपाटाखाली हात घालत म्हणाल्या. "मग सांग तिला, म्हणावं, यंत्रानं भोकं पाडून कुठे नमुने काढतात का? नमुने काढायचे ते हातानं. एका सरळ रेषेत, कोळशाच्या थराच्या छतापासून पायापर्यंत. छताखाली एक नंबर, पायाशी चोवीस. एक पिशवी इकडची तिकडे नाही!" मागून वहिनीचा आवाज आला, "पुरे आता. जिना चढायला दम नसतो, बढाया मारायला बरा पुरतो." "ऐकलंस? मी मेलो ना, तर ही आधी फोनचं बटण बंद करेल, मग रडेल." बाईंच्या हाताला चप्पल लागली होती, पण ती त्यांनी ओढली नाही. "दादा, एक नंबर कुठे म्हणालास?" "छताखाली." "म्हणजे वर?" "मग कुठे? अगं, माणूस खाणीत वरून खाली उतरतो. खालून वर उगवतो का?" तो आपल्याच विनोदावर हसला, हसण्याचा खोकला झाला, आणि खोकला थांबल्यावर त्यानं अगदी सहज विचारलं, "का गं, काही चुकलं का?" "नाही," बाई म्हणाल्या. "चुकायचं काय त्यात. ठेवते, उशीर होतोय."

उशीर होत नव्हता. त्या जमिनीवर बसूनच राहिल्या, एक पाय दुमडून, एक पसरून, आणि कपाटाखालच्या धुळीचा वास नाकात गेला तरी उठावंसं वाटेना. मग केव्हातरी त्या जिना उतरायला लागल्या. घर चौथ्या मजल्यावर. चौथा, तिसरा, दुसरा. इमारतीचे मजले खालून मोजतात आणि खाणीचे वरून. हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? पण भूशास्त्र शिकलेला माणूस थर मोजतो ते तळापासून. जे आधी साचलं ते खाली, नंतरचं त्याच्यावर, म्हणून पहिला आकडा तळाचा. हे आपल्याला कुणी शिकवलं, कधी शिकवलं, तेही आता आठवत नव्हतं, इतकं ते हाडात गेलेलं. पिशव्यांवर आकडे कुठून घातलेस, हे सव्वीस वर्षांत दादाला कधी विचारलंच नाही. एखाद्याला तू घड्याळाचे काटे कुठल्या बाजूनं वाचतोस असं कुणी विचारतं का? रस्ता ओलांडताना एका सायकलवाल्यानं जोरात घंटी वाजवली आणि "काकू, बघून!" म्हणून ओरडला. बाईंनी बघितलं. तो गेला होता. रस्त्याच्या कडेला पाइप घालायला चर खणला होता आणि त्याच्या उघड्या भिंतीत वर डांबर, त्याखाली खडी, त्याखाली विटांचे तुकडे, त्याखाली मळकट पिवळी माती असे पट्टे दिसत होते. सवयीनं त्यांनी ते खालून वाचले. मग मुद्दाम वरून वाचून पाहिले. वरून वाचलं की रस्ता उखडत जातो, माणसं निघून जातात, आणि शेवटी नुसती माती उरते. त्या पुढे चालू लागल्या.

वर्षातून एकदा संस्थेत शाळेची मुलं यायची आणि ती बाईंच्या वाट्याला असायची, कारण इतरांना मुलांशी बोलताना घाम फुटायचा. बाई टेबलावर कोळशाचा खडा ठेवायच्या. हे काय आहे रे? दगड! काळा दगड! जळणारा दगड! नाही बाबांनो, ही झाडं आहेत. दलदलीत पडली, कुजायच्या आत चिखलानं झाकली, दबत दबत कोट्यवधी वर्षांत काळी झाली. पण त्या दलदलीत पाणी कुठलं होतं? तळ्याचं, नदीचं की समुद्राचं? पाणी तर केव्हाच निघून गेलं, मग विचारायचं कुणाला? मुलं एकमेकांकडे पाहायची. मग बाई आवाज बारीक करून सांगायच्या की या खड्यात अगदी कणभर, शोधूनही दिसणार नाहीत अशी, चौदा-पंधरा भावंडं लपलेली आहेत. त्यांना दुर्मीळ मृदा म्हणतात. खरं तर ती दुर्मीळ नाहीत आणि माती तर नाहीतच, नाव ठेवणाऱ्यानं जरा घाई केली. ही भावंडं स्वभावानं इतकी सारखी की एक जाईल तिथे सगळी जातात, हातात हात घालून. फक्त समुद्राच्या पाण्यात एकाचा हात सुटतो. सेरिअम त्याचं नाव. त्याला पाण्यातला प्राणवायू लागला की तो गाळाला चिकटून तळाशी बसतो आणि बाकीची पुढे जातात. म्हणून कोळशात आपण हजेरी घ्यायची. सगळी हजर, तर पाणी गोडं. सेरिअमची हजेरी कमी, तर तिथे समुद्राचा हात लागलेला. एका वर्षी पुढच्या रांगेतल्या, दोन दात पडलेल्या एका मुलीनं विचारलं होतं, "मग त्याला शोधायला कुणीच जात नाही?" सगळे हसले होते, बाईही. त्या चिमुरडीनं मात्र उत्तराची वाट पाहत तोंड उघडंच ठेवलं होतं, आणि बाईंनी घाईघाईनं पुढचा खडा उचलला होता.

दादाच्या खाणीतल्या त्या थरात बाईंना समुद्र सापडला होता. चोवीस पिशव्या, पहिल्या अठरात हजेरी पूर्ण, एकोणिसापासून सेरिअम घसरत गेलेला, चोविसाव्यात सर्वांत कमी. बाईंच्या लेखी एक म्हणजे तळ, चोवीस म्हणजे माथा. म्हणजे आधी गोड्या पाण्याची दलदल, शांत, दाट, हजारो वर्षं वाढत गेलेली. आणि मग एक दिवस, दिवस म्हणजे काही शतकं, समुद्र आला आणि तिला गिळून गेला. बाईंनी ते लिहिलं तेव्हा त्या बत्तीस वर्षांच्या होत्या. त्या एका लेखानं त्यांना ही संस्था दिली, ही खोली दिली, दोन पुस्तकं दिली. त्या भागाच्या प्राचीन किनाऱ्याचे नकाशे त्यावरून काढले गेले, आणि संस्थेच्या दारातच मुलांनी रंगवलेलं एक मोठं चित्र लागलं, काळ्या जंगलावर चाल करून येणाऱ्या निळ्या लाटांचं. आणि तो समुद्र आला नव्हताच. तो आधीपासून होता, दलदलीच्या पायाशी, आणि हळूहळू मागे सरत निघून गेला होता. दलदलीला कुणी गिळलं नव्हतं. तिला तिथेच सोडून तो गेला होता, आणि ती त्याच्यावाचून गोड्या पाण्यावर वाढत राहिली होती.

नमुने काढायला बाईंना खाणीत जाता आलं नव्हतं. तेव्हा बायकांना खाली सोडत नसत. वडील गेल्यावर दादानं दहावीचं पुस्तक मिटलं आणि खाणीत नाव घातलं, तेव्हा बाई आठ वर्षांच्या. पुढे मोजणीदार झाला, तेही खालीच शिकून. बाईंच्या शिक्षणाचा विषय निघाला की म्हणायचा, "माझी छोटी खाणीच्या वरचं शिकतेय." त्यांनी नमुने मागितले तेव्हा त्यानं जेवणाच्या सुटीत, अकरा दिवस, छिन्नीनं थरात हातभर रुंद चर खणला. वहिनीनं फुलाफुलांची एक जुनी चादर फाडून पिशव्या शिवल्या. पुढे कितीतरी दिवस संस्थेत या पिशव्यांची चेष्टा व्हायची, की बाईंचा कोळसा कसा नवरीसारखा सजून येतो. आकडे दादानंच घातले, धोब्याच्या न पुसणाऱ्या शाईनं, एकेक आकडा अंगठ्याएवढा. दोन वर्षांनी खाणीत पाणी शिरलं आणि ती कायमची बंद झाली. तो थर आता पाण्याखाली होता. पुन्हा जाऊन बघायला कुणालाही मिळणार नव्हतं. छापलेल्या लेखाच्या शेवटी आभारात बाईंनी दादाचं नाव घातलं होतं. ते पान काचेत घालून त्यानं पलंगासमोर लावलं होतं, आणि आता दिवसातले चौदा तास त्याच पलंगावर उशांना टेकून काढावे लागत असल्यामुळे, वहिनी म्हणायची, ते पान त्याला डोळे मिटूनही दिसतं.

आणि मुंगी. प्रयोगशाळेत तिला सगळे मुंगी म्हणायचे, कारण स्वतःच्या दुप्पट वजनाच्या पेट्या ती एकटी उचलून आणायची आणि कुणी हात लावला तर चिडायची. त्या बंद खाणीपासून दहा किलोमीटरवर, तोच थर जिथे जमिनीखाली पुढे गेला आहे तिथे, तिनं भोक पाडून कोळशाची कांडी बाहेर काढवून घेतली होती. कांडीचे तुकडे लांब पेट्यांमध्ये ओळीनं ठेवतात. डोकं कुठलं आणि पाय कुठले हे पेटीवर लिहायचं काम भोक पाडणाऱ्या ड्रिलरचं. तीन महिन्यांपूर्वी मुंगी आलेख घेऊन आली. "मॅडम, माझा समुद्र खाली येतोय." तिचा चेहरा घाबरलेला नव्हता, उजळलेला होता. बाईंनी आलेखाकडे जेमतेम पाहिलं. "पेटी उलटी लागली असेल," त्या म्हणाल्या. असं होतं, नाही असं नाही. एखादा ड्रिलर घाईत कांडी उलटी ठेवतो आणि थराचं सगळं चरित्र डोक्यावर उभं राहतं. "पण मॅडम, बाणाच्या खुणा आहेत." "खुणाही माणूसच करतो ना?" ड्रिलरला बोलावलं. तो टोपी हातात धरून उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, वीस वर्षं पेट्या भरतोय. डोकं कुठं न् पाय कुठं एवढं कळत नसेल तर मी घरी बसतो." मुंगी मधल्या मधे लाल झाली होती. बाई हसून म्हणाल्या होत्या, "रागावू नका हो. एखाद्या वेळी होतं." आठवड्याभरानं मुंगीनं सगळे आकडे फिरवले. एकाचे चाळीस केले, चाळिसाचा एक. तिचा समुद्र वर गेला, बाईंच्या समुद्राशेजारी, आणि प्रबंधात एक परिच्छेद वाढला: पेटी उलटी भरली गेल्याचे मार्गदर्शकांच्या लक्षात आले.

संस्थेत पोचल्यावर बाई खोलीत न जाता तळघरातल्या नमुन्यांच्या कोठारात गेल्या. साहाय्यक कपाटाच्या किल्ल्या देत म्हणाला, "बाई, आज तुमच्या मुंगीला डॉक्टर करताय ना? पेढे नाही तर निदान बिस्किटं तरी." "बघू," बाई म्हणाल्या. चोवीस नंबरची पिशवी मागच्या खणात होती. चादरीची फुलं विटून करडी झाली होती, आकडा मात्र कालच घातल्यासारखा काळा. बाईंनी गाठ सोडली आणि आत हात घातला. आपण काय शोधतो आहोत हे त्यांना माहीत होतं, आणि माहीत आहे याचीच आता भीती वाटत होती. बोटांना आधी भुगा लागला, मग कडा, मग एका खड्याला चिकटलेली, चिकणमातीसारखी गुळगुळीत, फिकट पापडी. त्यांनी ती दिव्याखाली धरली. पापडीत केसासारख्या काळ्या रेघा होत्या, फाटे फुटलेल्या, सगळ्या एका बाजूला निमुळत्या होत गेलेल्या. मुळं. पहिल्या झाडांनी पहिल्या चिखलात सोडलेली मुळं. ही नेहमी थराच्या पायाशी सापडतात. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे विचारतात आणि त्याला येतं.

ही पापडी त्यांनी आज पहिल्यांदा पाहिली नव्हती. सव्वीस वर्षांपूर्वी, याच पिशवीत, याच बोटांना ती लागली होती. दुपार होती, पंख्याचा आवाज होता, टेबलावर अर्धा प्यालेला चहा होता. त्यांनी पापडी अशीच वर धरली होती आणि मनात एक प्रश्न उगवता उगवता थांबला होता. पूर्ण प्रश्नही नव्हे. पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तेवढा एक क्षण. मग त्यांनी वहीत लिहिलं, "माथ्याजवळ चिखलाचा पातळ पट्टा, वनस्पतींचे अवशेष," आणि पिशवीची गाठ मारली. दादाला एक फोन केला असता तर कळलं असतं. तेव्हा फोन खाणीच्या कचेरीत होता, त्याला बोलावून आणावं लागायचं. हे कारण त्यांनी आता स्वतःपुढे ठेवून पाहिलं, आणि ते इतकं लंगडं निघालं की त्यांनी मान दुसरीकडे वळवली. खरं काय होतं? आलेख काढून झाला होता, आणि तो सुंदर होता. पावलापावलानं चढत येणारा समुद्र. त्या रात्रंदिवस त्याच्यातच होत्या. निघून जाणारा समुद्र कुणाला हवा होता? आपल्याला कळलं होतं का? त्यांनी पापडीवरून अंगठा फिरवला. नाही, कळलं नव्हतं. कळू दिलं नव्हतं. या दोहोंत काय फरक आहे हे एखाद्या मुलानं विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं.

साडेदहा झाले होते. गप्प बसणं सोपं होतं, आणि ते किती सोपं आहे हे त्यांनी नीट, शिकवल्यासारखं, स्वतःला समजावून पाहिलं. खाण पाण्याखाली. आकडे कुठून घातले हे जगात दोनच माणसांना माहीत, त्यातला एक खोकतोय आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नाही. मुंगी आज पास होईल, उद्या नोकरीला लागेल, कुणाचं काही बिघडणार नाही. फक्त तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एक खरी गोष्ट तिच्याच हातानं खोटी ठरून छापली जाईल, आणि यापुढे जन्मभर, काही वेगळं दिसलं की ती आधी म्हणेल, माझीच पेटी उलटी असेल. आठ महिन्यांनी आपण निवृत्त होऊ. की तेव्हा सांगावं? की असं म्हणावं, दोन ठिकाणं आहेत, समुद्र एकीकडून येतो, दुसरीकडून जातो, पुढे अभ्यासाला वाव आहे? हे वाक्य किती तयार, किती गुळगुळीत मनात आलं! आणि बोललं, तर लोक विचारणार: आकडे कुणी घातले होते? भावानं? तो शिकलेला होता का? मग पलंगासमोरचं ते पान. उशांना टेकलेला तो. "माझ्यामुळे का गं, छोटे?" असं तो विचारेल, आणि आवाजात दम नसेल. त्यांनी पापडी रुमालात गुंडाळली, पर्समध्ये टाकली आणि जिना चढायला लागल्या. कितव्या पायरीवर आहोत हे मोजायचं नाही असं ठरवूनही त्या मोजत होत्या.

परीक्षेची खोली लहान होती. बाहेरून आलेले परीक्षक उंच, सडपातळ, पेनचं टोपण दातात धरण्याची सवय असलेले. मुंगीनं इस्त्रीची साडी नेसली होती आणि ती तिला काचत होती. तिनं चांगलं सांगितलं. पेटीचा विषय आला तेव्हा तिचा आवाज थोडा सपाट झाला, पाठ केल्यासारखा. "पेटी उलटी भरली गेली होती, सर. मॅडमच्या लक्षात आलं. म्हणून आकडे फिरवून घेतले." "आणि ड्रिलर काय म्हणाला?" "त्यांना मान्य नव्हतं, सर." "नसणारच," परीक्षक हसून बाईंकडे वळले. "याला म्हणतात अनुभव. आम्ही असतो तर नवीन समुद्र शोधला म्हणून नाचलो असतो. तुम्हाला काही विचारायचंय, मॅडम?" बाईंना वाटलं आपण नाही म्हणणार. ओठ तसे हललेही होते. "एकच," त्या म्हणाल्या. "पेटी उलटी आहे असं तुला स्वतःला वाटलं होतं का?" मुंगीनं परीक्षकांकडे पाहिलं, मग बाईंकडे. हा प्रश्न तिच्या तयारीत नव्हता. "नाही, मॅडम." "मग आकडे का फिरवलेस?" बाहेर कुणीतरी खुर्ची ओढत नेत होतं. "तुम्ही म्हणालात म्हणून," मुंगी म्हणाली.

"पेटी सरळ होती," बाई म्हणाल्या. परीक्षक हसले, त्यांना हा परीक्षेतला एखादा सापळा वाटला असावा. पण बाईंनी पर्समधून रुमाल काढून टेबलावर उलगडला. "ही माझ्या चोविसाव्या पिशवीतली. माथ्याची म्हणून छापलेली. बघा." परीक्षकांनी पापडी उजेडात धरली आणि त्यांच्या दातातलं टोपण हळूहळू खाली आलं. "ही तर मुळं आहेत." "हो. माझ्या भावानं आकडे वरून खाली घातले होते. त्याचं बरोबर होतं. खाणीत तसेच घालतात. मी ते खालून वर वाचले आणि त्याला विचारलं नाही. समुद्र आधी होता, नंतर गेला. हिला जे दिसलं ते खरं आहे." आवाज आपला आहे की दुसऱ्या कुणाचा याची त्यांना खात्री नव्हती. "हे तुम्हाला कधी कळलं?" परीक्षकांनी विचारलं. "आज सकाळी. आठ वाजता." हे खरं होतं. इथे थांबता आलं असतं, परीक्षकांचा चेहरा मऊ पडायलाही लागला होता. सकाळी कळलं आणि अकरा वाजता सांगितलं, किती सरळ बाई! मुंगी मात्र पापडीकडे पाहत होती, आणि मग तिनं वर पाहिलं. तिचेही हात कोळशातच तयार झाले होते. अशी पापडी बोटाला लागली की कळल्यावाचून राहत नाही, हे तिला ठाऊक होतं. "नाही," बाई म्हणाल्या. "सकाळी आकड्यांचं कळलं. मुळं मी सव्वीस वर्षांपूर्वी हातात धरली होती. आणि पिशवीची गाठ मारली."

परीक्षकांनी घसा साफ केला. अशा वेळी काय करायचं असतं याचे नियम असणार, ते बघावे लागतील, प्रबंध दुरुस्तीसाठी परत घेता येईल, तीन महिने, सहा महिने, मुलीचा तर काहीच दोष नाही, असं ते बरंच काही बोलले. बाईंना त्यातले शब्द ऐकू येत होते. पुढच्या गुरुवारपर्यंत थांबायचं नाही, त्यांच्या मनात आलं, आज संध्याकाळीच जायचं, फोनवर नाही, पलंगाशी बसून, तुझं बरोबर होतं हे आधी सांगायचं आणि मग बाकीचं. मुंगी प्रबंधाच्या पुठ्ठ्यावर दोन्ही हात ठेवून बसली होती. ती रडेल असं बाईंना वाटलं होतं, किंवा चिडेल, किंवा कदाचित, हा विचार मनात आला याची त्यांना लाज वाटली, कदाचित आभार मानेल. "सर," मुंगी परीक्षकांना म्हणाली, "दुरुस्ती मी करते. पण दुसरे मार्गदर्शक मिळतील का?" परीक्षक गोंधळले. "तसा अर्ज असतो," ते बाईंकडे न बघता म्हणाले. "सध्याच्या मार्गदर्शकांची त्यावर संमती लागते." मुंगी अजूनही बाईंकडे पाहत नव्हती. "आज होईल का?" तिनं विचारलं.

कारकुनानं अर्ज आणून दिला. बाईंनी चष्मा लावला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तो वाचला. कारणाचा रकाना मोकळा होता. मुंगीनं तो भरायला हात पुढे केला, पण बाईंनी कागद आपल्याकडेच ठेवला आणि तो रकाना स्वतःच्या अक्षरात भरला, 'पेटी सरळ होती, चूक मार्गदर्शकांची', मग खाली सही केली, आणि शाई वाळेपर्यंत न थांबता अर्ज तिच्याकडे सरकवला.